तफीदाचा कोरा पेपर

प्रिय रिहाम,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुला वाटेल, म्हातारीने शफीकाच्या एखाद्या नातवाला पकडून लिहून घेतलंय. तसं काही नाही. मीच लिहितेय, जेवायच्या बुटक्या मेजावर वही ठेवून, आणि आज लिहायचा नववा दिवस. चुका असतील तिथे खुशाल लाल रेघा मार, पण शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडून टाकू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

गावाकडे सगळं ठीक. ऊसतोड संपली. कालव्यावरचा पूल एकदाचा झाला, त्यामुळे तू यायचीस तो पिकअप आता थेट मशिदीपर्यंत येतो, चपला हातात घेऊन चिखल तुडवावा लागत नाही. शफीकाला तू वाचायला शिकवलंस आणि आमच्या डोक्याला ताप करून ठेवलास. औषधाच्या खोक्यातला कागद ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते आणि त्यात लिहिलेले सगळे त्रास तिला दुपारपर्यंत होतात. माझी इन्साफ तिकडे मर्सा मत्रूहला सुखात आहे. दर शुक्रवारी फोन करते. "आई, बरी आहेस ना? बरं, ठेवते हं." मी नीट टेकून बसेपर्यंत फोन बंद झालेला असतो. घरात मी आणि सात बदकं.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. खांद्याला स्वतःपेक्षा मोठी पिशवी, आणि ओट्यावर बसलेल्या आम्हा बायकांना तू घाबरत घाबरत सांगितलंस की कॉलेजचा नियम आहे, सहाजणींना लिहायला-वाचायला शिकवून सरकारी परीक्षेत पास करायचं, तरच तुझी पदवी तुझ्या हातात पडेल. शफीका कसली ऐकतेय! "म्हणजे परीक्षा आम्ही द्यायची आणि शिकलेली तू ठरायचीस? भलतीच हुशार आहेस गं पोरी!" तू कानापर्यंत लाल झालीस. मी म्हटलं, माझं नाव लिही, आणि आधी आत येऊन जेव. पीठ उन्हात फुगवून भाजलेल्या तीन भाकऱ्या खाल्ल्यास तू त्या दिवशी, आणि चौथी नको म्हणताना तिच्याकडे बघत होतीस. मला तू तिथेच आवडलीस.

रविवार आणि बुधवार, दुपारच्या नमाजीनंतर. बाकीच्या बायका धडा संपला की उठून जायच्या. तू मात्र पिकअप यायच्या वेळेपर्यंत माझ्याकडे थांबायचीस आणि विचारायचीस, "मावशी, आज दिवसभर काय केलंत?" तुझे काका गेल्यापासून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सांगण्यासारखं काही नसायचं, म्हणून मी मंगळवारपासूनच काहीतरी शोधून ठेवायचे. कधी कधी खोटंही सांगायचे. शेजारणीची शेळी छपरावर चढली होती, ते खोटं होतं.

आता खरं सांगते. गहू कापायला आला तेव्हा मला वाचता येत होतं. सगळं. तुला सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधी मी विचारलं की परीक्षेनंतर काय. तू हसत म्हणालीस, "मग तुम्ही सुटलात मावशी, आणि मीही सुटले!" तू सहज बोललीस गं. मी मात्र त्या दिवसापासून वाचताना मुद्दाम अडखळायला लागले.

जूनच्या परीक्षेत पाचजणी पास झाल्या आणि माझा पेपर कोरा निघाला. मला यायचं नाही म्हणून नव्हे, मी पेन उचललंच नाही. तुझी पदवी माझ्या एकटीपाशी अडकली, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी तसं केलं. पुढचा अख्खा उन्हाळा तू फक्त माझ्यासाठी येत राहिलीस, आणि देवाची शपथ, तसे दिवस मला लग्न झाल्यावरही लाभले नव्हते. पण येत असलेलं येत नाही असं दाखवणं फार अवघड असतं. डोळे ऐकत नाहीत, वाचून मोकळे होतात. आपण रस्त्याने चाललो होतो तेव्हा मी एकदम खिदळले आणि तू का म्हणून विचारलंस, आठवतं? पुढच्या टुकटुक रिक्षावर लिहिलं होतं, 'सासूबाईंना जागा नाही'. मी तुला म्हटलं, शेपटी हलवणारी ती शेळी बघ.

खजूर उतरवायच्या दिवसांत दुसरी परीक्षा आली. परीक्षा घेणारा साहेब भला माणूस होता. माझ्याजवळ वाकून कुजबुजला, "हाज्जा, नुसतं तुमचं नाव लिहा, बाकीचं मी बघतो." मी बदक काढलं. "हे काय?" म्हणाला. म्हटलं, "बदक." तू बाहेर बाकावर बसली होतीस. मला वाटलं, चिडशील, चार शब्द सुनावशील आणि बुधवारी पुन्हा येशील. तू चिडली नाहीस. माझ्या डोक्यावर ओठ टेकवलेस आणि म्हणालीस, "तुमची चूक नाही मावशी. मलाच शिकवता येत नाही." मी तुला तसंच जाऊ दिलं. बुधवारी मी बदक कापून मुलूखियाची पालेभाजी केली आणि ओट्यावर येऊन बसले. पिकअप आला, दोन पोती उतरली, पिकअप गेला. तेव्हापासून दीड वर्ष झालं, अजून बुधवारी त्याचा आवाज आला की माझे हात थांबतात.

मला वाटायचं, तू रागावली असशील, दुसरीकडून सहावी बाई शोधून पदवी घेतली असशील, कुठल्यातरी शाळेत शिकवत असशील. तुझा राग मी सोसला असता. पण गेल्या महिन्यात शफीका तालुक्याला गेली होती, तिला तू मोबाइलची कव्हरं विकताना दिसलीस. सहावी बाई दुसरीकडे मिळाली, पण पदवी वर्षभर उशिरा हाती आली म्हणालीस. तिने विचारलं, मग शाळेत का नाही लागलीस? तू म्हणालीस, "एका मावशीला वर्षभरात तिचं नाव लिहायला शिकवू शकले नाही, मुलांना काय शिकवणार?" शफीकाने हे हसत हसत सांगितलं. मी चुलीपुढे बसून मोठ्याने रडले. मग एका सोमवारी एकटीच पिकअपमध्ये बसून परीक्षेला गेले. साहेब तोच होता, म्हणाला, "आज काय काढणार?" मी सगळा पेपर लिहिला, श्रुतलेखनासकट. अर्जात एक रकाना असतो, कोणी शिकवलं त्याचा. तिथे तुझं नाव लिहिलं, तुझ्या वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट, मोठ्या अक्षरात. पास झाले. निकालाची आणि त्या अर्जाची प्रत पाकिटात घातली आहे. ती घे, शाळेच्या नोकरीचा अर्ज भर, आणि तू शिकवू शकत नाहीस असं पुन्हा कोणापुढे बोलू नकोस, स्वतःशीसुद्धा नाही. माझ्यावर हवा तेवढा राग धर, तुझा तो हक्कच आहे. राग उतरला तर एखाद्या बुधवारी ये. शिकवायला नको येऊस, मला येतं. नुसती ये.

तुझीच,
तफीदा मावशी