ड जीवनसत्त्वाचा मुहूर्त

पंचवटी, नाशिक
१८ जानेवारी २०२६

ती. इंदुवन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून सांगता येत नाही, कारण ज्यांच्याविषयी सांगायचं ते समोर झोपाळ्यावरच बसलेले असतात. म्हणून पत्र.

तुमच्या भावाच्या रक्तात व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच, असं निघालं. चाळीस वर्षं रामकुंडावर उघड्या अंगाने सूर्याला अर्घ्य दिलं, तर हे फळ! लॅबवाल्यांचीच काहीतरी गफलत असणार, असं त्यांनी डॉक्टरांना ऐकवलंसुद्धा. पण आपली सूनबाई स्वरदा म्हणाली ते खरं आहे. हल्ली निम्म्या पूजा ते मधल्या खोलीत बसून अमेरिकेतल्या यजमानांना लॅपटॉपवर सांगतात, आणि पडद्यावर चकाकी येते म्हणून खिडकी लावून घेतात. मग सूर्याने तरी काय करावं?

डॉक्टरांनी मोठ्या ताकदीची गोळी दिली आहे. आठवड्यातून एकदाच, तूप किंवा दूध असलेल्या जेवणानंतर घ्यायची. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. आता वार कोणता, हा प्रश्न. केरसुणी आणायची तरी पंचांग उघडणारं आपलं घर. डॉक्टर म्हणाले, कोणताही वार चालेल, आणि तेवढ्याने ते ह्यांच्या मनातून उतरले. स्वरदा म्हणते रविवार, कारण जीवनसत्त्व सूर्याचं आणि तिच्या बँकेलाही सुट्टी. मी म्हणते गुरुवार, त्या दिवशी नैवेद्याच्या वरणभातावर तुपाची धार असते. तुमचं मत काय?

येत्या सिंहस्थात स्वतः घाटावर उभं राहून यजमानांचे संकल्प सांगायचे, एवढा एकच ध्यास त्यांना आहे. तेवढी ताकद राहू दे म्हणून ही धडपड. तुमची माया आमच्यावर आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली
सरोजिनी

*

देवळा
२७ जानेवारी २०२६

चि. सौ. सरोजिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

मत विचारलंस ते बरं केलंस. नसतं विचारलंस तरी दिलं असतं. गंगाधर सोमवारचा जन्मलेला, लहानपणापासून सोमवार करतो. संध्याकाळी उपास सोडताना गरम भात आणि त्यावर तूप, म्हणजे डॉक्टरांची अट पुरी झाली. सोमवारच. मी त्याला फोन करून सांगितलं आहे. आमच्या फोनची पद्धत तुला माहीत आहेच. मी बोलते, तो ऐकतो. त्याचं मला काही ऐकू येत नाही, त्यामुळे आमच्यात कधी वाद होत नाही.

माझा नातू धवल तिकडे नाशकात अंबडला कामावर परत येतोय. त्याच्याबरोबर इथल्या मेडिकलमधून त्याच गोळ्यांचं एक पाकीट आणि माझ्या कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली गंगाधरसाठी पाठवते आहे. मी रोज दोन घेते, त्यानेही घ्याव्यात. एका आईची आम्ही लेकरं, हाडं काही वेगळी नाहीत. आमच्या धुणंभांडी करणाऱ्या लंकाबाईनेही परवा हट्ट धरला, की बाई, गुडघं लय दुखत्यात, तुमची ती पांढरी गोळी मला बी द्या. दिली. तिला बरं वाटतंय म्हणते. तिचे गुडघे कशाने दुखतात ते मात्र आम्हा दोघींनाही माहीत नाही.

इकडे कांद्याच्या गाड्यांनी रस्ता अडवला आहे, बाकी ठीक. शाळा सोडून अठरा वर्षं झाली तरी लोक मला बाईच म्हणतात, आणि मीही सूचना देणं सोडलेलं नाही. रागावू नकोस. लोभ तुझ्या बाजूने कमी पडू नये, माझ्याकडे भरपूर आहे.

तुझी
इंदुवन्सं

*

पंचवटी, नाशिक
२४ मे २०२६

ती. इंदुवन्सं यांस,
सा. न. वि. वि.

चार महिने पत्र नाही, याचा राग मानू नका. लग्नसराईत ह्यांना आणि मला श्वास घ्यायला सवड नव्हती, आणि आता अधिक महिन्याची गर्दी. तुमच्या सोमवारबद्दल मी त्यांना तेव्हाच विचारलं होतं. ते नुसते हसले, आणि तुमचं पाकीटही मला घरात कुठे दिसलं नाही, म्हणून मी समजले की विषय मिटला.

वन्सं, मला भीती वाटते आहे. ते खात नाहीत. तांब्यांवर तांबे पाणी पितात, रात्रीत चारदा उठतात, पोट साफ होत नाही. दिवसभर पेंगतात. परवा तीस वर्षांच्या जुन्या यजमानांचं गोत्र त्यांना आठवेना. पळी हातात तशीच धरून राहिले. यजमान भला माणूस, त्यानेच हळूच सांगितलं. घरी आल्यावर म्हणाले, सिंहस्थाचं मला जमणार नाही, घाटावरची जागा चुलतभावाला देऊन टाकतो. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

हयगय कशातच नाही हो. दर गुरुवारी मी स्वतः त्यांच्या हातावर गोळी ठेवते आणि गिळेपर्यंत शेजारून हलत नाही. तुमचं कॅल्शियमही रोज दोन्ही वेळा देते. दोन महिन्यांनी रक्त तपासायचं ते मुहूर्तांच्या घाईत राहून गेलं, पण गोळी मी बंद केली नाही. बंद केली आणि ताकद आणखी गेली तर? एवढं सगळं पोटात जाऊन माणूस खंगतो कसा, ते मला कळत नाही.

तुम्हीच काही सुचवा. तुमच्या आधाराची सवय झाली आहे, ती मोडू नका.

आपली
सरोजिनी

*

देवळा
२९ मे २०२६

चि. सौ. सरोजिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टाने नाही, धवलच्या हाती पाठवते आहे. वाचून होईपर्यंत त्याला चहासुद्धा देऊ नकोस.

तू लिहितेस, गुरुवारी तू गोळी देतेस. मग जानेवारीपासून दर सोमवारी संध्याकाळी फोन करून मी त्याला कोणती गोळी घ्यायला लावते आहे? तू त्या वेळी भजनाला गेलेली असतेस. मी पाठवलेलं पाकीट त्याने पळी-पंचपात्राच्या पिशवीत ठेवलंय, असं धवल आज सांगतो. मी फोनवर विचारते, घेतलीस का? आणि स्वतःच म्हणते, शाबास. त्याचं उत्तर मला ऐकू कुठे येतं?

आयुष्यभर पोरांना बेरीज शिकवली आणि घरातली दोन वारांची बेरीज मला करता आली नाही. घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. आजच्या आज त्याला डॉक्टरांकडे ने. सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ने, माझीही बाटली. लाजू नकोस. लंकाबाईचीही गोळी बंद केली आहे, ती माझ्यावर रुसली आहे.

कळव. आत्ता लोभाबिभाचं काही लिहीत नाही.

इंदुवन्सं

*

पंचवटी, नाशिक
७ जून २०२६

ती. इंदुआत्यांस,
शि. सा. न.

आईंना लिहायचा धीर होत नाही, म्हणून मी लिहिते. आधी चांगलं सांगते. बाबा ठीक आहेत, काल घरी आले. रक्तातलं कॅल्शियम फार वाढलं होतं, त्याचा ताण मूत्रपिंडावर आला होता. सलाईन लावून आठवडाभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं कायमची बिघडली असती.

आता वाईट सांगते. बेरीज दोन वारांची नव्हती, आत्या. आईंनी गुरुवार ठरवला, तेव्हा मी मान डोलावली. पण त्यांचं वय बघता एखादा गुरुवार चुकेल, असं मला वाटलं. म्हणून मी माझ्या मोबाईलवर रविवारचा गजर लावला, गोळ्या ऑनलाइन मागवल्या, आणि आई देवपूजेत असताना साजूक तुपातल्या शिऱ्याबरोबर बाबांना देत राहिले. बँकेत मी लोकांना सांगते, की एकाच व्यवहाराचं बटण पुन्हा दाबू नका.

डॉक्टरांनी टेबलावर तीन पाकिटं आणि बाटली मांडली आणि विचारलं, घरात औषधांचं कोण बघतं. आई म्हणाल्या, मी; आणि त्याच वेळी मीही म्हणाले, मी. मग ते शांतपणे म्हणाले, की हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं. वर रोजचं कॅल्शियम, जे बाबांना कोणत्याच डॉक्टरने सांगितलं नव्हतं. तुमची गरज तुमची, बाबांची बाबांची. कोणाला काय कमी आहे ते तपासून, त्याचं त्यालाच आणि ठरलेल्या मुदतीपुरतंच द्यायचं. आता काही महिने सगळं बंद आहे.

बाबांनी आम्हाला एकदाही टोकलं का नाही, ते ते सांगत नाहीत. तुम्हाला लिहिणार आहेत म्हणे. माझ्यावर रागवा, पण माया आहे तेवढी असू द्या.

तुमची
स्वरदा

*

पंचवटी, नाशिक
निज ज्येष्ठ शुद्ध पक्ष, गुरुवार
१८ जून २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी बरा आहे. भूक लागते. काल त्या यजमानांचा मुलगा आला होता, त्याला त्याचं गोत्र त्याने न विचारता सांगितलं. घाटावरची जागा कोणाला दिलेली नाही, चुलतभावाला तसा निरोप गेला आहे. डॉक्टर म्हणतात, पुन्हा तपासून बघू, पण सिंहस्थाला उभे राहाल.

तुम्ही तिघी एकमेकींना दोष देता आहात, तेव्हा खरं सांगून टाकतो. आठवड्यातून एकदाच, हे डॉक्टरांनी मलाच सांगितलं होतं, आणि मला ऐकू येतं. सूर्याचं देणं, त्याचा कसला अपाय, असं पहिल्यांदा वाटलं. लोकांना घटका-पळं मोजून मुहूर्त देणारा मी, स्वतःच्या गोळीला तीन वार होऊ दिले.

पण ताई, रविवारी स्वरदा शिरा घेऊन येते आणि वाटी रिकामी होईपर्यंत मोबाईल बाजूला ठेवून बसते. एरवी तिला वेळ नसतो. सरोजिनी माझ्या शेजारी नुसती बसली, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं, गुरुवारी बसायची. आणि तू पूर्वी दिवाळीला फोन करायचीस. जानेवारीपासून दर सोमवारी यायला लागला. गोळी झाली आहे म्हटलं असतं, तर तिघींपैकी दोघींचं येणं थांबलं असतं. कोणाचं थांबवू, ते मला ठरवता आलं नाही.

आज गुरुवार. गोळी नाही, तरी सरोजिनी पाट ओढून शेजारी बसली आहे आणि मी काय लिहितो ते वाचते आहे. रविवारी शिराही झाला, तूप जरा कमी. गेले दोन सोमवार मात्र फोन वाजला नाही. अपराध्यासारखी बसू नकोस. सोमवारी उपास सोडताना मी फोनजवळ असेन. सांगायला काही नसलं तर नुसतं जेवलास का विचार. मी हो म्हणेन. तुला ऐकू येणार नाही, तरी म्हणेन.

तुझ्या लोभाला डॉक्टरांनी मुदत घातलेली नाही.

तुझा
गंगाधर