रेडिएटरमधला जवळा

विचुंबे,
ता. ९ जून २०२५

ती. शकूताईस,
भगवानचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. गेला आहे तो फक्त ट्रॅक्टर. फोनच करणार होतो, पण तुला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ते कबूल न करता तू प्रत्येक वाक्याला ‘बरं झालं’ म्हणतेस. माझ्या नव्या ट्रॅक्टरचं इंजिन गेलं यावर तू ‘बरं झालं’ म्हणालीस तर मला सहन होणार नाही. म्हणून कागद घेतला.

पाडव्याला हार घालून आणलेला ट्रॅक्टर. परवा शेतात नांगर घातला, दोन फेऱ्या झाल्या आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मग आतून खडखड, मग एक मोठा आचका, आणि इंजिन जाम. शेजारच्या नव्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन व्हिडिओ काढत होती. एका बाईंनी तर वरून विचारलं की हा आवाज उद्याही असणार आहे का. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून माझा ट्रॅक्टर पनवेलच्या शोरूमपर्यंत ओढत नेला. वाटेत भेटेल तो हात दाखवून हसत होता.

शोरूममध्ये अपूर्व नावाचा इंजिनिअर आहे. पाडव्याला यानेच मला पेढा भरवला होता. आता म्हणतो, इंजिन का तापलं ते उघडून बघू, मग वॉरंटीचं बोलू. नव्या इंजिनाने तापायचं कशाला, हे त्यानेच मला सांगायला हवं ना?

भावोजींना नमस्कार सांग. तुझा म्हणूनच सांग, माझा म्हटलास तर घ्यायचे नाहीत. मे महिन्यात त्यांची बोट किनाऱ्यावर ओढायला मोऱ्याला आलो, तेव्हा ते दिवसभरात माझ्याशी ‘पुढं’ आणि ‘थांब’ एवढं बोलले. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर ही प्रगतीच म्हणायची. रूपा नमस्कार सांगते.

तुझा लोभ मात्र चालू स्थितीत असू दे.

तुझा,
भगवान


मोरा,
ता. १४ जून २०२५

चि. भगवान यास,
शकूताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला ऐकू सगळं येतं, माणसंच हल्ली हळू बोलतात. ट्रॅक्टरचं वाचून वाईट वाटलं. तरी मी तेव्हाच म्हटलं होतं, उलव्याकडे भरावाच्या कामासाठी सारा गाव डंपर घेतोय आणि तुला एकट्याला ट्रॅक्टरचा सोस. इमारतींच्या मधे राहिलेला रुमालाएवढा तुकडा, त्याला नांगरायला आणलं हे धूड. पण तू आपल्या बाबांवर गेलास. जमीन दिसली की तुझे हात शिवशिवतात.

अबोल्याचं म्हणशील तर दोष तुझाच. अरे, कोळ्याने तुझ्या घरच्या हळदीला हौसेने पापलेटं आणावीत आणि तू सगळ्या मांडवासमोर ती शिळी आहेत म्हणावंस? यांना चार शिव्या दिल्या असत्यास तर एव्हाना विसरले असते. तेव्हापासून हे तुझ्या उंबऱ्याला शिवले नाहीत आणि मीही सकाळी माहेरी येते ती दिवेलागणीला परत फिरते. मला एवढंच बघायचंय की तुम्ही दोघं एका पंगतीला जेवताय. मग मी चांगली आठवडाभर माहेरी राहीन आणि घरचं सगळं काम रूपालाच करू देईन. मी हलणार नाही.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. जाळं दुरुस्त करत बसले होते. वाफेचं वाचलं तेव्हा हात थांबला. मग विचारलं, वाफ नक्की कुठून आली. मी परत वाचलं. मग उठून चप्पल न घालता धक्क्यावर गेले आणि जेवायला आलेच नाहीत. तुझ्या ट्रॅक्टरची यांना एवढी काळजी वाटेल असं मला वाटलं नव्हतं. बघ, माणूस आतून मऊ आहे.

शोरूमवाल्यांशी भांडताना आवाज चढवू नकोस, चढवलासच तर शब्द नीट वापर. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
शकूताई


विचुंबे,
ता. २० जून २०२५

ती. शकूताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

शब्द नीट वापरायची वेळ निघून गेली.

काल अपूर्वने माझ्यासमोर रेडिएटर उघडला. आत सगळा मिठाचा पांढरा थर. आणि ताई, त्या थरात जवळा. आपला खायचा जवळा, नखाएवढी कोळंबीच ती, चांगली शिजून लाल झालेली. शोरूममधल्या मुलीने नाकाला रुमाल लावला. मला, खोटं कशाला बोलू, भूक लागली.

अपूर्व म्हणाला की यात समुद्राचं पाणी ओतलंय, त्याने रेडिएटर तुंबला आणि इंजिन बसलं, वॉरंटी विसरा. मी म्हटलं, बोट ओढायला ट्रॅक्टर मोऱ्याला नेला होता हे कबूल, पण भिजली ती फक्त चाकं, रेडिएटरला मी हात लावलेला नाही. तो म्हणाला, मग जवळा काय चालत आत गेला? बघणारे हसले. तिथे माझं डोकं फिरलं. एकवीरा आईची शपथ घेऊन सांगितलं की माझ्या घरच्या एकाही माणसाने हे पाणी ओतलेलं सिद्ध झालं तर मी मिशी उतरवीन. माझी मिशी तुला माहीत आहे. लग्नात रूपाच्या मामांनी आधी मिशी पाहिली, मग मला.

आता ठरवलं आहे. सोमवारी, तीस तारखेला, शोरूमच्या दारात उपोषणाला बसतो. रोपं लावणीला आली आहेत, चिखलणीला भाड्याचा ट्रॅक्टर बघतोय, आणि स्वतःचा तिथे पोट फाडून पडलाय. हे सगळं त्यांनीच कुठेतरी केलं असणार. खोट्याला मी सोडणार नाही.

आशीर्वाद दे, आणि उपाशी राहायची सवय नाही म्हणून थोडा जास्त दे.

तुझा,
भगवान


मोरा,
ता. २४ जून २०२५

सौ. रूपास,
शकूताईचे आशीर्वाद.

हे पत्र भगवानच्या हाती लागू देऊ नकोस. वाचून चुलीत घाल. गॅस असेल तर फाडून टाक.

अगं, पाणी आमच्या यांनीच ओतलं.

जवळ्याचं वाचून दाखवलं आणि हे खाली बसले. मग सगळं सांगितलं. त्या दिवशी बोट ओढून झाल्यावर भगवान आमच्या घरी जेवायला आला आणि हे किनाऱ्यावरच थांबले, कारण त्याच्यासोबत जेवायचं नव्हतं. ट्रॅक्टर तापून वाफाळत होता. यांना वाटलं, मेहुणा एवढ्या लांबून आला, तोंडाने काही बोलता येत नाही, निदान त्याच्या इंजिनाला पाणी तरी पाजू. झाकण उघडून समुद्राची बादली ओतली. बादली जवळ्याची होती, ती धुवायचं कुणाच्या मनात येणार? बोटीच्या इंजिनात यांनी जन्मभर समुद्राचंच पाणी फिरताना पाहिलं. तिथे पाइप समुद्रातून पाणी घेतो आणि समुद्रातच सोडतो. ट्रॅक्टरला गोडं पाणी लागतं आणि ते आतच फिरत राहतं, हे यांच्या गावीही नव्हतं.

आता मी काय करू ते सांग. भगवानला कळलं तर अबोला जन्माचा झाला. नाही कळलं तर तो खोट्या बाजूने उपाशी बसणार, आणि शपथही घेऊन बसलाय. हे तर घरात तोंड लपवून फिरतात. रात्री झोपेतसुद्धा बादली म्हणाले. मला ऐकू आलं, म्हणजे केवढ्याने म्हणाले असतील बघ.

मला रडूही येतं आणि हसूही येतं. दोन्ही एकदम आलं की ठसका लागतो.

मनातली जागा राखून ठेव.

तुझी,
शकूताई


विचुंबे,
ता. २६ जून २०२५

ती. ताईंना,
रूपाचा नमस्कार.

पत्र फाडलं. आधी दोनदा वाचलं. हसू आवरेना म्हणून मोरीत जाऊन नळ सोडून हसले.

तुमच्या बंधुराजांना थांबवणं माझ्या हातात राहिलेलं नाही. त्यांनी बॅनर छापून आणलाय, ‘खाऱ्या पाण्याच्या खोट्या आरोपाचा जाहीर निषेध’. फोटो नवा काढायला वेळ नव्हता म्हणून छापणाऱ्याने मागच्या वाढदिवसाचाच वापरला. काळा गॉगल, हात जोडलेले, पुढ्यात केक. मी म्हटलं, केक तरी काढायला सांगा. तर म्हणाले, चेहरा चांगला आलाय.

ताई, माझं ऐका. तुम्हीही सांगू नका, मीही सांगत नाही. ज्यांनी ओतलं त्यांनाच सोमवारी पाठवा. यांना राग येतो तो मागाहून कळलं की येतो. तोंडावर येऊन सांगणाऱ्या माणसापुढे यांचं काही चालत नाही, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय. तरी धाकधूक मलाही आहे.

आपल्या दोघींत गोडी आहे तीच पुढे घरभर होवो.

तुमची,
रूपा


विचुंबे,
ता. २ जुलै २०२५

ती. शकूताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुला सगळं आधी माहीत होतं, रूपालाही माहीत होतं, आणि मी एकटा बॅनर घेऊन बसलो होतो. यावर मी रागवायचं ठरवलं आहे, पण तारीख नक्की नाही.

सोमवारी सकाळी शोरूमच्या दारात सतरंजी टाकली. बॅनर बांधला. अर्ध्या तासात येणारे-जाणारे माझ्याशी हात मिळवून वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला लागले. मी निषेध निषेध म्हणतोय, आणि ते वरचा फोटो बघून वय विचारतायत. दुपारी गावातली चार मंडळी केक घेऊनच आली. उपोषणाला बसलेल्या माणसाच्या तोंडाला केक फासला, ताई. मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. मिशीला लागला तेवढा जिभेवर आला, तो मी धरत नाही.

तेवढ्यात भावोजी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी. मला वाटलं हेही शुभेच्छाच देणार. माझ्याकडे न बघता ते सरळ आत अपूर्वसमोर उभे राहिले. मी मागोमाग गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पानी मी वतलं. आमचं बोटीचं इंजिन तेच पितंय. याला चालत नाय ते मला ठाव नवतं.”

मला राग आला. खूप आला. नवाकोरा ट्रॅक्टर माझा, लाज गेली माझी, शपथ माझी. पण त्यांच्याकडे बघितलं तर टोपी काढून हातात धरली होती. दर्यात कधी न घाबरलेला माणूस, टाय लावलेल्या पोरापुढे घामाघूम उभा.

अपूर्व तसा वाईट नाही. त्याने मला बाजूला घेतलं आणि समजावलं. वापरणाऱ्याची चूक असेल तर वॉरंटी गेलीच. पण कुणी परक्या माणसाने तुमच्या नकळत खोडसाळपणा केला असं लिहून दिलंत, तर मी कंपनीकडे शब्द टाकून बघतो. मिशीही वाचेल, तो हसत म्हणाला. मग मोठ्याने विचारलं, हे गृहस्थ तुमचे कोण?

भावोजी मान खाली घालून उभे होते. मला खात्री आहे, मी परके म्हणालो असतो तर ते एक शब्द न बोलता मोऱ्याला गेले असते आणि तुला मी काही उत्तर देऊ शकलो नसतो.

मी म्हटलं, “आमचेच हायत. माझे भावोजी हायत.”

तर वॉरंटी गेली. शेजारीच सलून होतं, मिशीही गेली. भावोजी सोबत बसले होते आणि न्हाव्याला ‘सांभाळून’ म्हणत होते. बाहेर आलो तर बॅनरखाली मला कुणी ओळखेना. दोन जणांनी मलाच विचारलं की वाढदिवस असलेले गृहस्थ कुठे गेले.

इंजिन दुरुस्त व्हायला महिना लागेल. अर्धा खर्च मी देणार, असं भावोजींनी परस्पर सांगून टाकलं. पावसाळ्यात बोट तशी बंदच आहे म्हणून भाताची लावणी होईपर्यंत ते इथे राहणार आहेत. भाड्याच्या ट्रॅक्टरला सारखं गोडं पाणी पाजत असतात, काल तर ट्रॅक्टरवाला वैतागला. घरी आल्यावर रूपाने वालाचं बिरडं केलं होतं. आम्ही दोघं जेवलो.

उणंदुणं वजा करून राहील तेवढी माया माझ्या नावावर ठेव.

तुझा,
भगवान


मोरा,
ता. ७ जुलै २०२५

चि. भगवान यास,
अनेक आशीर्वाद.

एवढं लांबलचक पत्र लिहिलंस. केक लिहिलास, सलून लिहिलंस, अपूर्वचा टाय लिहिलास. आणि जेवणाची एक ओळ? कुठे बसलात, समोरासमोर की शेजारी? यांनी बिरडं परत मागितलं का? मागितलं तर तोंडाने, की नुसतं ताट पुढे केलं? वाढलं कुणी? मला हे सगळं कोण सांगणार?

वॉरंटी गेली याचं वाईट वाटायला हवं. मी दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही.

त्या रात्री यांनी तुझ्याकडून फोन केला होता. म्हणाले, तुझा भाऊ मला आमचेच म्हणाला. मला पहिल्या झटक्यात ऐकू आलं. तरी मी दोनदा परत सांगायला लावलं, आणि दोन्ही वेळा ‘बरं झालं’ म्हटलं.

बाकी सगळं पत्रात लिहिण्यासारखं नाही, समोर बसूनच बोलू. कोंबड्यांचं शेजारी सांगून ठेवलं आहे. शनिवारी सकाळी निघते आणि दिवेलागणीला परत फिरत नाही. रूपाला सांग, माझं अंथरूण काढून ठेव.

तुझी,
शकूताई