गाथोनीची कोळंबी

न्येरी,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय गाथोनी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे पत्र चुलीत टाकलं नसशील, तर आधी एवढंच वाच. मी बरी आहे, घरात कुणाला काही झालेलं नाही, आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. चार वेळा फोन केला, चारही वेळा तू कापलास. पाचव्या वेळी तुझ्या खोलीतल्या कुणा बाईने उचलला आणि ‘गाथोनी गुलाबांच्या शेडमध्ये गेलीये’ म्हणाली. तेवढ्यात मागून तुझाच आवाज आला, ‘सांग तिला, मेली म्हणून!’ खरं सांगते, ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसत सुटले. मेलेली बाई इतकी ठणठणीत ओरडत नाही. तेव्हा बोलायचा नाद सोडला आणि हे कागद घेऊन बसले. सतरा महिने छातीवर एक धोंडा घेऊन हिंडत होते, तो परवा उतरला. कसा उतरला ते तुला सांगितल्याशिवाय तो पुरता उतरल्यासारखा वाटणार नाही.

इथली खबर अशी की वांगेचीला तिसरी मुलगीच झाली आणि तिची सासू अजून तोंड फुगवून आहे. गिचोही साहेबांनी नवा चष्मा घेतलाय, त्यातून त्यांना आपल्या चुका दिसतात, स्वतःच्या नाहीत. कारखान्याच्या पत्र्याला रंग दिला. तू बसायचीस त्या जागी आधी एक बाई आली, ती महिन्यात पळाली, मग दुसरी आली, तीही गेली. आता तिथे पिसांची खोकी ठेवतात. त्या बाकावर तू आणि मी एकोणीस वर्षं कोपराला कोपर लावून बसलो. गळ शिकंज्यात धरायचा, त्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची, आणि ती दूरदेशीच्या कुणा हौशी माणसाने पाण्यात सोडली की माशाने फसायचं. आपण दोघींनी मिळून किती लाख मासे फसवले असतील देव जाणे, आणि स्वतः एकही पकडला नाही. तू म्हणायचीस, ‘न्याविरा, स्वर्गात गेल्यावर दारातच मासे उभे असतील बघ, आपल्याला ओळखायला.’ हे वाक्य मी नव्या मुलींना माझं म्हणून सांगत होते. तेही आता तुझं तुला परत.

आता त्या दिवसाकडे येते. टाळून उपयोग नाही. खाऱ्या पाण्यासाठी नवी आमिषं हवीत, असं डेन्मार्कच्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं आणि आपल्यातल्या एकीनेही समुद्र बघितला नव्हता. आपली सगळी विद्या डोंगरातल्या ओढ्यांची, ट्राउट माशाची. मला तपासनीस होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्या टेबलाचा माज काय असतो ते तुला माहीत नाही, कारण तुला ते कधी मिळालं नाही, आणि खरं तर मिळायला हवं होतं तुलाच. तू आठ दिवस कुणाला न दाखवता ती कोळंबी बांधलीस. जळक्या नायलॉनचे डोळे, रबराचे बारीक पाय आणि पाठीवर पितळेचे दोन मणी. चोवीस नग माझ्यापुढे ठेवलेस. मी एक उचलून पाण्याच्या बरणीत टाकली आणि ती गर्रकन उलटी झाली. गळाचं टोक वर, पाठ खाली. ट्राउटच्या माशीचं असं झालं तर ती बाद, हे आपल्याला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘ही काय गं, मुराटिना पिऊन आलीये का?’ अख्खी खोली हसली. तू शांतपणे सांगितलंस, ‘अगं, ती तळावर चालणारी आहे. टोक खाली ठेवलं तर वाळूत रुतेल. नैवाशाच्या तळ्यातले लाल झिंगे मी लहानपणापासून बघतेय.’ आणि मी म्हणाले, ‘तळं बघितलंस, आता समुद्रही तूच दाखव आम्हाला.’ पुन्हा सगळ्या हसल्या.

मग रिवाजाप्रमाणे मी ब्लेड घेतलं. बाद माल सगळ्यांसमोर कापून गळ मोकळा करायचा, म्हणजे पुढच्या वेळी हात जपून चालतो, असं आपण दोघींनीच कितीदा नव्या पोरींना समजावलं होतं. तेवीस कोळंब्या मी कापल्या. तू उभी राहून मोजल्यास, कात्री आणि दोऱ्याची रिळं पिशवीत टाकलीस आणि कुणाकडे न बघता निघून गेलीस. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी तळलेली गोड मांदाझी घेऊन येशील आणि आपण दोघी एकमेकींना दोन शिव्या घालून चहा पिऊ. तू आली नाहीस. गाथोनी, तुला मोजताना एक कमी वाटली असेल, तर तू चुकली नव्हतीस. चोविसावी माझ्या ॲप्रनच्या खिशात होती. का ठेवली, मला नीट सांगता येत नाही. त्या पायांची बांधणी इतकी देखणी होती की माझा हातच पुढे झाला नाही. पण ओठांवर तसं काही आलं नाही, हेही खरं.

तीन आठवड्यांनी डेन्मार्कचा येस्पर आला. उंच, उन्हाने भाजलेला, सारखा घाम पुसणारा. आमची नवी आमिषं बघून त्याचा चेहरा पडत चालला होता. गिचोही साहेब माझ्याकडे असे बघत होते की जणू डेन्मार्क मीच बुडवलाय. घाबरून मी खिशातली काढून टेबलावर ठेवली. त्याने ती बरणीत टाकली, ती उलटली, आणि तो माणूस लहान पोरासारखा ओरडला, ‘हीच! टोक वर! हे कोणाला सुचलं?’ मला त्या क्षणी कळलं की तुझं बरोबर होतं आणि मी काय कापलं होतं. गिचोही साहेब म्हणाले, ‘आमच्या न्याविराला.’ तू म्हणशील, ते बोलले, तू नाही बोललीस. हो. मी फक्त मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं मी लाजले. बरणीपाशी झाली ती चूक होती, अडाणीपणाची, तिची माफी मी देवाकडे मागू शकत होते. टेबलापाशी झाली ती चोरी होती. येस्परच्या कंपनीच्या नव्या यादीत ‘न्याविराची कोळंबी’ असं छापून आलं. ते पान साहेबांनी भिंतीवर लावलं आणि चर्चमध्ये पाळकांनी माझं नाव घेऊन सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी पण वाजवल्या. दुसरं काय करणार होते?

गेल्या आठवड्यात येस्परने मला बक्षीस म्हणून वाटामूच्या किनाऱ्यावर बोलावलं, माझी कोळंबी पाण्यात कशी चालते ते बघायला. माझी! बसमध्ये मी दोनदा उतरायचा विचार केला. समुद्राचं काय सांगू तुला, पहिल्या नजरेला मला तो वाकडाच वाटला, एका बाजूला ओतल्यासारखा. ओहोटी होती. अथमान नावाच्या तिथल्या वाटाड्याच्या मागून आम्ही गुडघाभर पाण्यात चालत गेलो. मी स्कर्ट खोचून, आणि दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरून. तो म्हणाला, ‘आई, शर्ट माझा आहे, फाटला तर बायको तुम्हालाच विचारेल.’ पाणी इतकं स्वच्छ की तळाची वाळू दिसत होती. येस्परने दोर फेकला. कोळंबी खाली गेली, उलटली, टोक वर करून बसली, आणि त्याने हलकेच ओढल्यावर वाळूवरून टुणटुण मागे सरकली. तू हाताने करून दाखवलं होतंस ना, तशीच. जवळच खरी कोळंबी होती, अथमानने पायाने डिवचून दाखवली, तीही तशीच सरकली. मग एक कोलेकोले मासा आला, खरी सोडून तुझ्या कोळंबीवर झेपावला आणि दोर करकरत सुटला. सगळे ओरडत होते. मी ओरडत होते की रडत होते, मला कळेना. अथमानने मासा धरला, आमिष सोडवलं, बोटांत फिरवून बघितलं आणि म्हणाला, ‘आई, तुमचं माहेर किनाऱ्यावरचं दिसतंय. डोंगरातल्या बाईला हे सुचायचं नाही.’

आणि मी बोलले. तिथेच, पाण्यात उभी राहून. म्हटलं, ‘हे मला सुचलेलं नाही. गाथोनीला सुचलं. ती नैवाशात गुलाब कापते, आणि तिला तिथे मी घालवलं.’ येस्परला पहिल्यांदा कळलंच नाही, मग मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुन्हा सांगितलं, ब्लेडसकट. त्याने खिशातून वही काढली. एवढंच म्हणाला, ‘तिचं नाव कसं लिहायचं ते सांगा.’ मी त्याच्या वहीत लिहून दिलं. गाथोनी, किनाऱ्यावर परत येताना मी अथमानचा शर्ट धरला नाही. पाय आपोआप पडत होते. त्या दिवशी मी दोन माणसांचा भात आणि मासा खाल्ला आणि मेल्यासारखी झोपले. कितीतरी महिन्यांनी.

इथे आल्यावर परवा, शुक्रवारी, सगळ्यांसमोर सांगितलं. जिथे तुझ्या कोळंब्या कापल्या तिथेच उभी राहून. वांगेची म्हणाली, ‘आम्ही हसलो होतो गं,’ आणि तोंड झाकून बसली. गिचोही साहेब तांबडेलाल झाले. त्यांनी तपासनिसाचं टेबल काढून घेतलं आणि मला परत बाकावर बसवलं. मला वाटलं होतं लाज वाटेल. शपथेवर सांगते, सुटल्यासारखं वाटलं. आज सकाळी चर्चमध्ये पाळकांना गाठून तेही सांगितलं. आता यादीत नवं नाव छापून येईल, ‘गाथोनीची कोळंबी’. आपल्यात थोरल्या मुलाची पहिली मुलगी आजीचं नाव घेऊन येते. तुझे दोन्ही घोडे अजून लग्नाचं नाव काढत नाहीत, तेव्हा नातीच्या आधी कोळंबीच तुझं नाव घेऊन आली म्हणायची.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते. मंगळवारी गिचोही साहेब स्वतः तुझ्याकडे येणार आहेत. खाऱ्या पाण्याचं सगळं नवं काम तू आखावंस आणि तपासणीही तूच करावीस, असं ते विचारतील. गोड बोलतील, जुनं झालं गेलं म्हणतील, आणि ‘न्याविराने मनापासून माफी मागितलीय’ असंही सांगतील, म्हणजे तुला नाही म्हणणं जड जाईल. म्हणून हे पत्र सोमवारी सकाळी नैवाशाला जाणाऱ्या पहिल्या मटाटूच्या ड्रायव्हरच्या हाती देणार आहे, म्हणजे ते तुला त्यांच्या आधी मिळेल. ते काम तुझं आहे, माझ्या माफीशी त्याचा काही संबंध नाही. मला माफ करायचं नसेल तर करू नकोस. तो हक्क तुझा आहे, तो मी काढून घेणार नाही. मी दाराजवळच्या बाकावर बसते, तू खिडकीजवळचा घे. माझी माशी चुकली तर बाद कर, सगळ्यांसमोर कर. दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस. पण ते विचारतील तेव्हा हो म्हण, आणि ये.

तुझीच,
न्याविरा