वार्षिक म्हणजे किती वेळा

३ मार्च, मंगळवार

रजा मंजूर! बारा दिवस, मे महिन्यात, सलग. साहेब म्हणाले, "आणि तेवढ्यात लिफ्ट बंद पडल्या तर?" मी म्हटलं, जिने आहेत की. हसले नाहीत, पण सही केली. सही होईपर्यंत त्यांच्या टेबलावरचा कुरकुरणारा पंखा मी उघडून, तेल घालून, परत लावला. लाच म्हणायची तर म्हणा.

दर वर्षी सातच दिवस मिळायचे. एक जाण्यात जायचा, एक येण्यात. उरलेल्या पाचांत ठेंगूला भेटायचं — माझ्या लेकीला. चार वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो, तिच्या आईला त्या शहरात नोकरी लागली, दोघी तिकडं गेल्या. तिथं ते मोठं थीम पार्क आहे. मी गेलो की आम्ही तिथंच जातो. यंदा बारा दिवस हाताशी आहेत, तेव्हा तिकिटांचाही नीट विचार करायला हवा.

६ मार्च

पार्कची सगळी माहिती मोबाइलवर वाचली. अगदी तळाची बारीक अक्षरंसुद्धा (निदान बरीचशी).

तीन प्रकार आहेत. एका दिवसाचं तिकीट, ते आपल्या कामाचं नाही. चार दिवसांचं तिकीट — पहिल्यांदा आत गेल्यापासून दहा दिवसांत चार दिवस वापरायचे, राहिला तो गेला. आणि वार्षिक पास — वर्षभर कितीही वेळा या. साधारण सहा फेऱ्यांत पास वसूल होतो म्हणे.

चार दिवसांचं घेतलं तर सरळ आहे. सुट्टीत चारदा जायचं, संपलं. पास घेतला तर सहा फेऱ्या व्हायला हव्यात. चार मे महिन्यात झाल्या तरी दोन उरतात. म्हणजे मला पुन्हा तिकडं जायला हवं. सप्टेंबरात एकदा. डिसेंबरात एकदा.

इथवर लिहून उठलो, उगाचच स्वयंपाकघरातला नळ घट्ट केला. तो गळत नव्हता.

९ मार्च, सोमवार

जनावरांच्या दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई आणि टोपलीत मांजर. बाई शांत होत्या, मांजर नव्हतं. वायरमन वर मोटर बघत होता, मी दाराशी. (वायरमन म्हणजे माझा कामातला जोडीदार. नऊ वर्षं आम्ही एकाच गाडीतून हिंडतोय. त्याला नाव आहे, पण आता त्याची बायकोही वायरमनच म्हणते.) मी खालून ओरडून विचारलं, चार दिवसांचं घेऊ की वार्षिक?

"आधी बाईंना बाहेर काढ," तो वरून म्हणाला.

आतून बाई म्हणाल्या, "मुलं लहान आहेत का तुमची? मग वार्षिक घ्या. लहान फार दिवस राहत नाहीत."

बाई सुटल्या, जाताना मांजरानं मला ओरबाडलं.

डबा खाताना वायरमन म्हणाला, "आपण गिऱ्हाइकाला काय सांगतो? वार्षिक करार करा. दर महिन्याला येऊन बघू, मध्येच बोलावलंत तरी हजर. आणि जे लोक मोडल्याशिवाय बोलावत नाहीत त्यांच्या लिफ्टचं काय होतं, ते तुला मी सांगायला नको."

नको. रोज थोडी थोडी कुरकुरते, ऐकायला कुणी नसतं, आणि एक दिवस अधेमधे थांबते. डबा तसाच अर्धा ठेवला.

१५ मार्च, रविवार

ताईकडे जेवायला. तिला पासचं सांगितलं. ताई माझी थोरली बहीण, तेव्हा टोमणा हा तिचा हक्कच आहे.

"तुला त्या राइडमध्ये मळमळतं. गेल्या वर्षी तो फोटो पाठवला होतास, दुधी भोपळ्यासारखा दिसत होतास. आणि आता वर्षभराची सोय करतोयस?"

खरंय. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस मी, पण रोलर कोस्टरवर बसलो की माझे कान बोल्टकडे लागतात. कोणतं बेअरिंग सुकलंय ते वर चढतानाच कळतं. कळून उपयोग नसतो, कारण तोवर पट्टा लागलेला असतो. पण ठेंगूला आवडतं. सात वर्षांची असताना काय किंचाळायची!

"तिला विचारलंस का?" ताई म्हणाली.

राइड आवडतात का, हे काय विचारायचं?

"राइडचं नाही रे. तू वर्षातून तीनदा आलास तर तिला चालेल का, हे विचार. पोरगी अकराची झाली. तिचं तिचं जग असेल आता."

आमटी चांगली झाली होती. दुसऱ्यांदा घेतली नाही.

१८ मार्च

मध्येच ठेंगूला फोन केला, विचारणार होतो. शाळेचं विचारलं. शाळा बरी चाललीय.

२२ मार्च, रविवार

रविवारचा फोन. आज मनाचा हिय्या करून सांगून टाकलं — यंदा मी वार्षिक पास काढतोय, दोघांचा.

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. 

"वार्षिक?" ती म्हणाली.

"हो. वार्षिक."

"पक्कं केलंस?"

"जवळजवळ."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला तेच सोयीचं असेल तर बरं." आणि फोन आईकडे दिला. तिची आई म्हणाली, "काय बोललास तिला? दार लावून घेतलंय."

आमच्या घराण्यात "बरं" म्हणजे बरं नसतं, हे मला चांगलं माहीत आहे. माझ्या आईनं हा शब्द आयुष्यात कधी खूश होऊन वापरला नव्हता. म्हणजे ताईचंच खरं. मी वर्षातून तीनदा टपकणार या विचारानंच पोरीनं दार लावून घेतलं.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण सांगायला कुणी नाही.

२३ मार्च

चार दिवसांचं तिकीट घ्यायचं. ठरलं. वायरमनला सांगितलं की पास परवडत नाही, वर्षात काही दिवस तो चालतही नाही, शिवाय प्रवास, शिवाय रजा. अशी पाच कारणं दिली. तो म्हणाला, "खरं कारण असलं की एकच असतं." आणि रेडिओ लावला.

५ एप्रिल, रविवार

फोनवर तिला सांगितलं, काळजी करू नकोस, वार्षिक रद्द. चार दिवसांचंच घेतो.

"म्हणजे आता फक्त चारच दिवस?"

"हो."

"बरं."

वार्षिक म्हटलं तरी बरं, चार दिवसांचं म्हटलं तरी बरं! माणसानं करावं तरी काय? लिफ्टला निदान चुकीचं बटण दाबलं तर कळतं.

९ मे, शनिवार

पोचलो. स्टँडवर घ्यायला दोघी आल्या होत्या. ठेंगू उंचीनं आता आईच्या कानापर्यंत पोचते. लोकांसमोर ठेंगू म्हणू नकोस म्हणाली. घरात चालेल का विचारलं तर म्हणाली, बघू.

लॉजची खोली तीच, दुसऱ्या मजल्यावरची. लिफ्ट तीच, आणि तिचं दार अजून तसंच अडतं. दर वर्षी मॅनेजरला सांगतो.

१० मे, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं आहे.

पार्कच्या तिकीट खिडकीपुढं ही रांग. तासाभरानं आमचा नंबर आला. खिडकीवरची बाई वर न बघता म्हणाली, "कोणतं?" मी म्हटलं, चार दिवसांचं, दोन द्या. तिनं कागद पुढं सरकवला, मी सही करायला पेन शोधायला लागलो. पेन सापडेना. ठेंगू शेजारी उभी राहून वरचा फलक वाचत होती.

"बाबा, इथं चुकीचं लिहिलंय."

"काय?"

"वार्षिक पास, आणि खाली लिहिलंय वर्षभर कितीही वेळा."

"मग बरोबर आहे की."

"वार्षिक म्हणजे वर्षातून एकदा," ती म्हणाली. मास्तर चुकल्यावर मुलं बोलतात त्या आवाजात. "वार्षिक परीक्षा एकदाच असते. वार्षिक संमेलन एकदाच असतं."

मी म्हटलं, "अगं, वार्षिक म्हणजे वर्षभर. आमचा वार्षिक करार असतो ना लिफ्टचा? त्यात बोलावलं की जायचं. कितीदाही."

 मग एकदम तिचा चेहराच बदलला.

"मला वाटलं तू पक्कं करून टाकतोयस," ती म्हणाली. "की आता वर्षातून एकदाच यायचं. त्याचा पासच काढतोयस."

पेन सापडलं होतं. ते हातात तसंच राहिलं.

"आणि मग चार दिवसांचं म्हणालास. म्हणजे एकदाच, आणि त्यातही चारच दिवस." मग खाली बघून म्हणाली, "माझ्या मैत्रिणी तुला वार्षिक बाबा म्हणतात. मी हसते. पण मला नाही आवडत."

दीड महिना! दीड महिना मी तिच्या "बरं"चा कीस काढत बसलो आणि ती माझ्या "वार्षिक"चा. दोघंही आपापल्या खोलीत, आपापलं तोंड पाडून.

"सप्टेंबरात आलो तर चालेल?" मी विचारलं. "आणि डिसेंबरात?"

"मी कधी नाही म्हटलं?"

"ठरलं का तुमचं?" खिडकीवरची बाई म्हणाली. "मागं रांग आहे." मागचा एक गृहस्थ म्हणाला, "राहू द्या हो, दोन मिनिटांनी काय होतंय." त्याची बायको डोळे पुसत होती.

वार्षिक घेतला. दोन. पासवर लावायला तिथल्या तिथं फोटो काढतात. तिचं नाक लाल, माझे डोळे मिटलेले. वर्षभर हेच दाखवत आत जायचं.

१२ मे

तीन राइड. दुसरीत उजव्या बाजूचं बेअरिंग ओरडत होतं. उतरल्यावर चालवणाऱ्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, लोक ओरडतात तेव्हा आम्हाला ते ऐकू येत नाही." पण डबा घेऊन तेल घालायला गेला खरा. मी अर्धा तास बाकावर डोकं धरून बसलो. ठेंगूही शेजारी गप्प बसून होती, चेहरा उतरलेला. ऊन लागलं म्हणाली.

१६ मे, शनिवार

ठेंगूला घरी सोडायला गेलो तेव्हा तिच्या आईनं चहाला थांबवलं. सप्टेंबरचं सांगितलं.

"चार वर्षांपूर्वीच म्हटलं होतं मी, कधीही ये म्हणून."

"मला वाटलं बोलायचं म्हणून बोललीस."

"बोलायचं म्हणून मी कधी काही बोलते का?"

नाही बोलत. वेगळं होण्याच्या कारणांत तेही एक होतं. चहा मात्र अजून माझ्या चवीचा करते, कमी साखरेचा. 

२० मे

परतीचा प्रवास. चार फेऱ्या झाल्या, दोन उरल्या. पास शर्टाच्या खिशात आहे. तीनदा चाचपला.

३१ ऑगस्ट, सोमवार

पाच दिवसांची रजा. साहेब म्हणाले, "परत? आत्ताच तर गेला होतात." मी म्हटलं, वार्षिक करार झालाय. त्यांना कळलं नाही, पण आमच्या धंद्यात या शब्दापुढं कुणी वाद घालत नाही.

५ सप्टेंबर, शनिवार

पार्क बंद!

फाटकाला साखळी, त्यावर पाटी — वार्षिक दुरुस्तीसाठी बंद. तारखा बारीक अक्षरांत पासच्या मागं छापलेल्या होत्या, सुरुवातीपासून. मी! ज्यानं आयुष्यभर लोकांच्या लिफ्टवर "दुरुस्तीसाठी बंद" अशा पाट्या लावल्या, तो मी सात तासांचा प्रवास करून पाटी वाचायला आलो.

ठेंगूनं पाटी नीट वाचली. म्हणाली, "हे कुठलं वार्षिक? तुझं की माझं?"

परत कुठं जायचं म्हणून रिकाम्या पार्किंगच्या कठड्यावर बसलो. शेंगदाण्याची पुडी होती. आत मोठ्या चाकावर दोन माणसं चढून ग्रीस लावत होती, त्यातला एक नीट लावत नव्हता, हे मी तिला दाखवलं. मग कोणत्या आवाजाचा काय अर्थ ते सांगितलं. तिनं मैत्रिणींचं सांगितलं, गणिताच्या बाईंचं सांगितलं, एका मुलीशी अबोला का धरलाय ते सांगितलं. त्याला एक तास लागला. चार वाजले तेव्हा मला वाटलं अकरा वाजले असतील.

इतकी ती मागच्या चार वर्षांत मिळून माझ्याशी बोलली नव्हती. राइडमध्ये बोलता येत नाही ना.

८ सप्टेंबर

स्टँडवर सोडायला आली होती. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाली, "बाबा, रागावू नकोस. मला राइडमध्ये मळमळतं. पहिल्यापासून. तुला आवडतात म्हणून मी बसायचे."

मी माझंही सांगितलं. हसता हसता तिला खोकला आला.

मग म्हटलं, आता पासचं काय करायचं?

"असू दे की," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीही काढू. आत नाही जायचं."