प्रश्न नाहीत

४ फेब्रुवारी
मामंजींनी माझ्या अपिलाची चिरफाड केली! लाल पेन घेऊनच बसले होते. मी वीस-एकवीस मुद्दे लिहिले, त्यांनी ठेवले तीन. "सूनबाई, इतके मुद्दे म्हणजे एकात दम नाही. न्यायाधीश पहिलं पान वाचतात, दुसरं चाळतात." सगळ्या ऑफिससमोर! टायपिस्ट फिदीफिदी हसली. घरी सासरे, इथे सीनियर – पळू कुठे? खडूस म्हातारा.

५ फेब्रुवारी
आज म्हाताऱ्याने विशेषणं कापली. 'धादांत', 'घोर', 'अक्षम्य' – सगळी! "चिडायचं काम न्यायाधीशांवर सोड. तू फक्त पान नंबर दे." स्वतः मात्र दिवसभर फणफणत होता.

९ फेब्रुवारी
जिचं हे अपील, त्या नर्सला तुरुंगात जाऊन भेटले. तिच्या चुकीच्या इंजेक्शनने पेशंट गेला म्हणून चार वर्षं शिक्षा. तिने एकच विचारलं, "कंपाउंडर खोटं बोलला, तेव्हा साहेब गप्प का बसले?"

साहेब म्हणजे आमचे नवरोबा. खालच्या कोर्टात केस त्यांनीच चालवली. कंपाउंडर पोलिसांना म्हणाला होता, मी तेव्हा खालच्या मजल्यावर होतो. कोर्टात म्हणाला, सिरिंज भरताना डोळ्यांनी पाहिलं. उलटतपासणीला नवरोबा उठले आणि म्हणाले काय, तर "प्रश्न नाहीत"! तिथे विचारलं नाही ते अपिलात थेट उकरता येत नाही.

१० फेब्रुवारी
हा मुद्दा मी तिसरा टाकला होता, जरा झाकून. मला त्याच घरात राहायचंय! म्हाताऱ्याने उचलून पहिला केला. "वकिलाने कागद वाचलेच नव्हते, असं स्पष्ट लिही. तरच साक्षीदाराला परत बोलवा म्हणता येईल. आणि नवऱ्याकडून तसं प्रतिज्ञापत्र आण." पोटच्या पोराबद्दल! काळीज आहे की दगड?

१२ फेब्रुवारी
नवरोबा ताट सारून उठले. "न विचारणं ही माझी खेळी होती. सही करणार नाही. तू माझी बायको आहेस की तिची वकील?"

खेळी म्हणे! साक्षीच्या सकाळी त्या कागदांचा गठ्ठा सोफ्यावर पडला होता, दोरीसुद्धा सुटली नव्हती. मीच उचलून हातात दिला. खाण तशी माती – दोघांचाही मनस्वी राग येतो.

१३ फेब्रुवारी
अबोला.

१६ फेब्रुवारी
प्रतिज्ञापत्र दाखल झालं. खाली सही माझी. आता मीच साक्षीदार, म्हणून वकीलपत्रातून नाव काढून घेतलं.

मामंजी कोर्टाच्या जिन्यात थांबले. "आज कुठे राहशील?"

"माहीत नाही."