बाबांच्या हाताएवढं झाड

सॅन होजे, ऑगस्ट

दुआर्ते,

आज परसातला जर्दाळू छाटला. आपला नियम तोच: बाबांनी हात वर करायचा, बोटं पोचतील तेवढंच झाड ठेवायचं.

यंदा त्यांचा हात खांद्यापर्यंतच आला.

"इथे काप, इनेस."

"बाबा, एवढं खाली कापलं तर झाड उन्हात करपून मरेल."

"इंजिनीअरबाई, झाड मी लावलंय. पुढच्या वर्षी फळं मीच तोडणार. काप."

हात आता याहून वर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना मी ते सांगितलेलं नाही. तुलाही हे पत्र पाठवणार नाही. तू धावत आलास, तर त्यांना कळेल.

कापेपर्यंत ते हात खाली घेईनात.

शेवटी त्यांनी दाखवलं तिथेच कापलं.

तुझी बहीण,
इनेस