तळाशी राहिलेलं सोनं

अण्णा, आज तुम्हाला लाल सोनं दाखवायचं होतं. "तांबं मारलंय गं कुणीतरी!" म्हणत तुम्ही ते हातातसुद्धा धरलं नसतंत. पण शंभर नंबरी आहे. सोन्याचे कण अगदी बारीक केले की पाण्यात डाळिंबाच्या रसासारखे लाल दिसतात, आणि एकमेकांना चिकटले की पाणी निळं पडतं. त्या कणांवर मी पेप्टाइड बसवते, म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. त्याचं एक टोक सोन्याला धरतं, दुसरं कर्करोगाची पेशी ओळखतं. थोडक्यात, मीही सोनारकामच करते. दागिना तेवढा डोळ्यांना दिसत नाही.

तुम्ही सत्त्याण्णवला गेलात. त्यानंतर काही वर्षांनी नाशकातल्याच कॉलेजात हे काम घेतलं, आणि महिनाभर पाणी आपलं निळंच! पेप्टाइडची शेवटची कुपी उरली. सर म्हणाले, "ही फसली तर विषय बदला." माझं धाबंच दणाणलं. मग त्यांनी माझा चंबू उजेडात धरला.

"अहो, तळाशी हे काय?"

"मागचं सोनं, सर. मोरीत कसं ओतू?"

म्हणजे दर वेळी मी मागच्या गाळावरच नवं पाणी करत होते, आणि तो गाळ नव्या कणांना गोळा करत होता. सर इतके हसले की चष्मा काढावा लागला. "सोनाराची पोर!"

मग तुमचीच युक्ती. गाळ तेजाबात विरघळवून बाटलीत काढला (टाकला नाही हं!), चंबू लखलखीत केला, त्यात नवं लाल पाणी केलं आणि शेवटची कुपी थेंबथेंब सोडली. वर मीठ टाकून बघितलं. पेप्टाइड न बसलेले उघडे कण मिठाने लगेच निळे पडतात. पाणी लालच राहिलं! प्रयोगशाळेत मी फुगडी घालायचीच बाकी होते.

सोनं टाकून न देण्याची ही खोड तुमचीच. सराफ बाजारातल्या दुकानात काम संपलं की तुम्ही पातेल्यात हात धुता, ते पाणी झारेकऱ्यासाठी झाकून ठेवता. तो त्यातून कणकण सोनं काढून देतो. एके दिवशी ते पातेलं तुळशीत रिकामं झालेलं सापडतं. तुम्ही कुंडीतली सगळी माती झारेकऱ्याला देता, आई बिचारी तुळस पुन्हा लावते, आणि तिच्या लाडक्या मांजरीला दुकान कायमचं बंद. "सोनं सांडणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही," असं तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात. तेव्हापासून मी सोन्याचा थेंबही टाकलेला नाही.

हे पत्र त्या गाळाच्या बाटलीखाली ड्रॉवरमध्येच राहील. अण्णा, मांजर निर्दोष होती. तुळशीला पाणी मला घालायचं होतं, आणि नळापर्यंत जायचा कंटाळा आला होता.